विझर्डचे मंत्र संपले की सगळी पार्टी झोपायला निघते: डीअँडडीतली जादू आणि क्लास

चौथी_सोंगटी

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ खेळतोय. पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. बोलणं सगळं मराठीत, नियमांचे शब्द तेवढे इंग्रजी. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. मामेभाऊ विझर्ड (मंत्रवाला), मामेबहीण फायटर (लढवय्यी), कॉलेजचे दोन मित्र रोग (rogue, म्हणजे चोर) आणि क्लेरिक (देवाच्या सत्तेने मंत्र म्हणणारा). सगळे तिसऱ्या लेव्हलवर आहेत.

अडचण अशी आहे की गुहेत शिरल्यावर पहिल्याच खोलीत विझर्ड हात मोकळा सोडतो. चार गॉब्लिन (छोटे राक्षस) दिसले की स्लीपचा मंत्र, मग मॅजिक मिसाईल, मग आणखी एक मॅजिक मिसाईल. दुसरी खोली संपेपर्यंत त्याच्याकडे काहीच उरत नाही. मग तो म्हणतो, "आता आठ तास झोपू." क्लेरिक मान डोलावतो. गुहेच्या तोंडाशी पथाऱ्या पसरतात, सकाळी स्लॉट भरतात, पुन्हा तेच. गेल्या रविवारी बहीण चिडली. म्हणाली, "माझी तलवार कधी संपत नाही, पण गोष्ट चालते ह्याच्या झोपेवर. मग मी कशाला आहे?" मला तिला काही उत्तर देता आलं नाही, आणि ते आठवडाभर डोक्यात घोळतंय.

जादूला हा मोजून-मापून हिशोब कुणी आणि का लावला? सगळे क्लास तोडीस तोड असावेत अशी मुळात कल्पना होती का? आणि मी नक्की काय बदलू?

उंबरठा

मी हा खेळ कधी पाहिलेला नाही, पण तुमच्या बहिणीचं वाक्य वाचून थांबले. स्लॉट म्हणजे काय आणि ते झोपून का भरतात, हे कुणी आमच्यासारख्यांना कळेल असं सांगेल का?

घाटवाट

उंबरठाताई, प्रयत्न करतो. एक जण डीएम असतो. तो जग, गावकरी, राक्षस सगळं सांभाळतो. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. पात्र काय करतंय ते खेळाडू बोलून सांगतो, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकून त्यात पात्राच्या गुणांची भर घालतो. क्लास म्हणजे पात्राचा पेशा, पाचव्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकात असे १२ आहेत.

मंत्रांच्या १ ते ९ पातळ्या असतात. तिसऱ्या लेव्हलच्या विझर्डकडे पहिल्या पातळीचे ४ आणि दुसऱ्या पातळीचे २ स्लॉट. मंत्र म्हटला की एक स्लॉट गेला. मोठ्या स्लॉटमधून लहान मंत्र म्हणता येतो, उलट नाही. आठ तासांची लाँग रेस्ट झाली की सगळे परत येतात. कँट्रिप नावाचे छोटे मंत्र मात्र कितीही वेळा म्हणा, त्यांना खर्च नाही.

मला ह्यातलं आवडतं ते दोन टप्प्यांचं कुलूप. विझर्डच्या वहीत पुष्कळ मंत्र असतात, त्यातले आज कुठले तयार ठेवायचे ते सकाळी ठरवायचं आणि तयार असलेल्यांपैकी कुठल्यावर स्लॉट खर्च करायचा ते त्या क्षणी. सकाळचा अंदाज चुकला तर दिवसभर त्याची किंमत मोजायची.

जुना_फासा

मी गेली १८ वर्षं मिनियापोलिसजवळ राहतो, आणि ह्या खेळाचा अर्धा जन्म ह्याच परिसरातला, त्यामुळे इतिहासाचं उत्तर मी देतो.

डेव्ह अर्नेसन इथे आपल्या मित्रांसोबत ब्लॅकमूर नावाचा खेळ चालवत होता. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये, लेक जिनिव्हात, गॅरी गायगॅक्स. दोघेही मूळचे युद्धखेळवाले, म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांच्या पलटणी मांडून लढाया लढणारे. गायगॅक्स आणि जेफ पेरन यांचे चेनमेल हे नियम १९७१ चे. त्याच्या अद्भुत पुरवणीत विझर्ड येतो तो तोफखाना म्हणून! त्याच्या आगीच्या गोळ्याचा आवाका मोठ्या कॅटापल्टएवढा, विजेचा लोळ जड तोफेसारखा. चौथी_सोंगटी, तुमचा मामेभाऊ पहिल्याच खोलीत बार उडवतो ना, त्याच्या क्लासचं मूळच ते आहे.

१९७४ मध्ये डीअँडडीच्या तीन पुस्तिका आल्या तेव्हा क्लास तीनच होते: फायटिंग मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. चोराचा क्लास पुढच्या वर्षी, ग्रेहॉक पुरवणीत. क्लेरिकची जन्मकथा मला फार प्रिय आहे. ब्लॅकमूरमध्ये एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर बनून कुणालाच आवरेना, तेव्हा त्याच्यासमोर उभा राहू शकेल असा पेशा घडवला गेला. त्या पुस्तिकांतल्या पहिल्या लेव्हलच्या क्लेरिककडे एकही मंत्र नाही, पण भुताखेतांना माघारी पिटाळायची ताकद आहे. म्हणजे क्लास आधी यादी करून ठरले नाहीत, टेबलावर जे अडलं त्यातून एकेक क्लास उगवला.

मंत्र एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जातो, ही कल्पना जॅक व्हान्सच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) मधली. सूर्य विझत चाललेला, जुन्या विद्येतले शंभरेक मंत्र उरलेले, आणि मातब्बर जादूगारालाही मेंदूत एका वेळी मोजकेच मावतात. त्यातला जादूगार मझिरियन चार जबर मंत्र नेऊ शकतो किंवा सहा साधे. गायगॅक्सने तेच उचललं, कारण युद्धखेळात दारूगोळा मोजावाच लागतो आणि इथे मोजणीला गोष्टीतलं कारणही आयतं मिळालं. म्हणून आजही ह्याला व्हान्सियन जादू म्हणतात. व्हेक्ना हे ह्या खेळातल्या प्रसिद्ध दुष्टाचं नाव व्हान्सचीच इंग्रजी अक्षरं फिरवून केलेलं आहे.

तोडीस तोड? हो, पण त्या काळी तोल एका लढाईत नव्हे, सगळ्या आयुष्यात मांडला होता. पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-यूजरकडे दिवसाला एक मंत्र आणि शस्त्र म्हणून फक्त खंजीर. दुसऱ्या लेव्हलला पोचायला फायटरला अनुभवाचे २,००० गुण लागत, मॅजिक-यूजरला २,५००. तोवर फायटरने त्याला पाठीशी घालायचं, आणि जगला वाचला तर पुढे तो डोंगर हलवणार. बहुतेक टेबलांवर खेळ तेवढा लांब चालतच नाही, तिथे हा तोल कोसळतो.

घाटवाट

जुना_फासा, सुंदर प्रतिसाद. आता आकडे मांडतो, कारण धागाकर्त्याची अडचण मला आकड्यांत दिसते.

फायटरची स्ट्रेंग्थ १६ धरली आणि ड्युएलिंग शैली घेतली, तर लाँगसोर्डच्या एका लागलेल्या वाराने शत्रूचं सरासरी ९.५ नुकसान. विझर्डची मॅजिक मिसाईल, तीन बाण, न चुकता लागणार, १०.५. त्याचा फुकटचा फायर बोल्ट लागला तर ५.५.

आता दिवस धरा. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात एका दिवसात ६ ते ८ मध्यम किंवा कठीण झटापटी गृहीत धरल्या आहेत. सहा झटापटी, प्रत्येकी चार फेऱ्या, म्हणजे २४ पाळ्या. विझर्डकडे ६ स्लॉट, वर तासाभराच्या छोट्या विश्रांतीत आर्केन रिकव्हरी ह्या त्याच्या खास सवलतीने फार तर दोन परत. म्हणजे आठ पाळ्या तो चमकणार आणि उरलेल्या १६ पाळ्या ५.५ वर घासणार. फायटर चोवीसच्या चोवीस पाळ्या ९.५ वर. हा हिशोब जुळतो. तुमच्या टेबलावर दिवस दोन खोल्यांत संपतो, त्यामुळे विझर्डला त्याच्या त्या १६ वाईट पाळ्या कधी खेळाव्याच लागत नाहीत.

म्हणून नियमांना हात लावू नका, दिवस लांबवा. २४ तासांत एकच लाँग रेस्ट मिळते हे मुळात लिहिलेलं आहे, ते पाळा. आणि गुहेतल्यांना मेंदू द्या. पहारेकरी परतले नाहीत तर बाकीचे वाट अडवतील, कैद्यांना हलवतील, खजिना घेऊन पळतील. पार्टी झोपली तरी जग झोपत नाही. छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची असा एक पर्यायी नियमही त्या पुस्तकात आहे, पण तो सगळ्या मोहिमेची चाल बदलतो. एवढ्यात नको.

पारंब्या

धागा वाचताना सारखा कर्ण आठवत होता. कवचकुंडलं देऊन इंद्राकडून मिळवलेली वासवी शक्ती: एकदाच वापरता येणार, मग इंद्राकडे परत. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली होती. चौदाव्या दिवसानंतरच्या रात्री घटोत्कचाने कौरवसेनेची अशी दाणादाण उडवली की सगळे कर्णाला म्हणू लागले, आत्ता वापर, नाहीतर उद्या उजाडायला आपण नसू. त्याने वापरली. घटोत्कच पडला, पांडव रडत होते आणि कृष्ण आनंदाने नाचत होता, कारण त्या एका क्षणात अर्जुन वाचला होता.

तुमच्या विझर्डला ही गोष्ट सांगा. हा अख्खा प्रसंग शेवटच्या स्लॉटचाच आहे.

जुना_फासा

पारंब्या, उदाहरण अगदी नेमकं, अंगावर काटा आला. एकच फरक नोंदवतो. डीअँडडीत स्लॉट सकाळी परत येतो, त्यामुळे शोकांतिका एका दिवसापुरतीच टिकते. परशुरामाच्या शापाने ऐन वेळी अस्त्र आठवेनासं होणं, किंवा अश्वत्थाम्याला सोडलेलं अस्त्र मागे घेता न येणं, अशी किंमत पाचव्या आवृत्तीत जवळजवळ नाही. सगळ्यात जवळ येतं ते कॉन्सन्ट्रेशन: काही मंत्र लक्ष धरून ठेवलं तरच टिकतात, मार बसला की फासा टाकायचा, आणि हुकला तर मंत्र विरतो.

शेवंती_०७

सगळ्यांचं पटतंय, पण धागाकर्त्याच्या बहिणीकडे कुणीच पाहत नाही. तिने "मी कमी मारते" असं म्हटलेलं नाही. "माझी तलवार संपत नाही" असं म्हटलंय. ती कुठल्या प्रकारची फायटर आहे? चँपियन असेल तर सगळं उलगडतं. चँपियनला मिळतं काय, तर १९ पडला तरी क्रिटिकल, म्हणजे जबर वार. चांगलंच आहे, पण त्यात ठरवायचं काहीच नाही. विझर्ड प्रत्येक पाळीला निवड करतो, राखतो, पस्तावतो. ती फासा टाकते आणि आकडा सांगते. घाटवाटांच्या हिशोबात ती जिंकली तरी तिला कंटाळाच येणार, कारण तिच्याकडे खर्च करायला काही नाही.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने हेच ओळखलं होतं. तिथे फायटरलाही कधीही वापरायच्या, झटापटीत एकदाच वापरायच्या आणि दिवसातून एकदाच वापरायच्या अशा करामती होत्या. पुष्कळांना ते सगळे क्लास एका साच्यातले वाटले आणि २०१४ मध्ये बराचसा साचा मोडला, पण मला वाटतं फायटरवर मनापासून विचार तिथेच झाला होता. त्याचा उरलेला धागा म्हणजे बॅटल मास्टर हा फायटरचा प्रकार. चार डी८ (आठ बाजूंचे) फासे, तीन डावपेच, शत्रूला पाडणं, हुकणारा वार सावरणं, प्रतिवार. फासा वापरला की गेला. आणि ते आठ तासांनी नाही, तासाभराच्या छोट्या विश्रांतीनेच परत येतात.

तिला विचारा, बदलून हवंय का.

चौथी_सोंगटी

शेवंतीताई, चँपियनच आहे. मीच सुचवलं होतं, "नवीन आहेस, सोपं पडेल" म्हणून. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "हेच. हेच म्हणायचं होतं मला."

कवडी

जादूचा हिशोब स्लॉटनेच लावावा असं काही नाही. १९७५ च्या टनेल्स अँड ट्रोल्समध्ये मंत्र म्हटला की जादूगाराची शक्ती, म्हणजे स्ट्रेंग्थच, खर्ची पडते. मंत्रांनी माणूस खरोखर थकतो. १९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये क्लासच नाहीत, शेतकऱ्यालाही धार वाढवायचा एखादा मंत्र येतो, कारण त्या जगात देव सगळ्यांच्याच जवळचे. कॉल ऑफ कथुलूत (१९८१) मंत्राची किंमत मानसिक संतुलनातून जाते, म्हणून तिथे जादू येणं हीच वाईट बातमी असते.

पण माझं प्रेम आर्स मॅजिकावर, १९८७ पासूनच्या. तिथे मंत्रांचं व्याकरण आहे. पाच क्रिया: घडवणं, जाणणं, बदलणं, मोडणं, ताब्यात ठेवणं. दहा विषय: प्राणी, पाणी, हवा, देह, वनस्पती, अग्नी, भास, मन, माती आणि खुद्द जादू. एक क्रिया आणि एक विषय जोडा, झाला मंत्र. 'क्रेओ इग्नेम' म्हणजे अग्नी घडव. 'पेर्दो इग्नेम' म्हणजे तोच विझव. ५० जोड्या, आणि प्रत्येकीत तुमचा हात किती बसलाय त्यावर काय जमेल ते ठरतं. मूळ शब्द लॅटिन आहेत, कारण खेळ तेराव्या शतकातल्या युरोपात घडतो. जादूगार तिथे उघडउघड इतरांपेक्षा भारी आहेत आणि खेळ ते लपवत नाही. उलट प्रत्येक खेळाडू एक जादूगार सांभाळतो आणि बाकी सोबत्यांची पात्रं आळीपाळीने वाटून घेतात. तोल पात्रांत नसून खेळाडूंत ठेवलाय. मला तो फार प्रामाणिक मार्ग वाटतो.

उंबरठा

हे सगळं वाचून एक प्रश्न. विझर्ड, सॉर्सरर, वॉरलॉक असे तीन-तीन जादूगार कशाला? मराठीत तर तिघांनाही जादूगारच म्हणाल ना?

पारंब्या

नाही म्हणणार! ह्यावर आमच्या टेबलावर एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. जादूगार म्हटलं की आपल्याला टोपीतून कबुतर काढणारा दिसतो, तो शब्द बाद. क्लासला 'वर्ग' म्हटलं की फळा आणि बाक दिसतात, म्हणून आम्ही 'पेशा' म्हणतो.

फरक सत्ता कुठून आली त्याचा आहे. विझर्ड शिकून येतो, वही त्याचा जीव, म्हणून त्याला बुद्धी लागते. सॉर्सररच्या रक्तातच ती आहे. तो क्लास २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत आला, मंत्र थोडे पण सकाळी तयार करायची कटकट नाही. आम्ही त्याला 'उपजत' म्हणतो. वॉरलॉकने कुणाशी तरी करार केलाय. आमच्या वॉरलॉकचा करार वेताळाशी आहे, आणि डीएमने दर अमावास्येला हिशोब द्यायची अट घातली आहे. त्याच्याकडे स्लॉट अगदी थोडे, दुसऱ्या लेव्हलपासून दहाव्यापर्यंत दोनच, पण छोट्या विश्रांतीनेच भरतात. क्लेरिकची सत्ता देवाची, पॅलाडिनची शपथेची.

'मांत्रिक' शब्द मी टाळतो. त्याच्यामागे आपल्याकडे लोकांची फसवणूक, अंगारे-धुपारे, खरी दुःखं उभी राहतात, आणि कुणाच्या घरात तो शब्द काय आठवण जागी करेल सांगता येत नाही. विझर्डला आम्ही 'पोथीवाला' म्हणतो. ऐकायला साधं आहे, पण नवीन माणसाला पहिल्या मिनिटात कळतं की ह्याची पोथी चोरली तर ह्याचं काय होईल.

चौथी_सोंगटी

काल खेळलो. सविस्तर लिहितो, कारण हे तुम्हा सगळ्यांचं देणं आहे.

बहीण आता बॅटल मास्टर. गोष्टीत मी एकच बदल केला: हॉबगॉब्लिन गावातली माणसं उचलून नदीकाठच्या पडक्या बुरुजात घेऊन गेलेत आणि उजाडताच नावा सुटणार. आठ तास कुणाकडेच नाहीत. विझर्डने नेहमीसारखी पहिल्या झटापटीत सुरुवात केली, दोन स्लॉट उडवले, मग खिडकीतून चंद्र कुठे आहे ते विचारलं. त्यानंतर तो बदलला. दुसऱ्या झटापटीत फक्त फायर बोल्ट. डिटेक्ट मॅजिक (जादू हुडकायचा मंत्र) दहा मिनिटं जास्त देऊन रिच्युअल म्हणून केलं, स्लॉट न घालवता. मी त्याला हे कधी शिकवलेलं नव्हतं, त्याने शनिवारी रात्री पुस्तक वाचलं होतं.

मधे एकदा "तासभर बसूया" असं म्हणणारी चक्क बहीण होती. तिचे फासे संपले होते. विझर्ड म्हणाला, "उशीर होईल." ती म्हणाली, "चार महिने तुझ्यासाठी झोपलोय." बसले.

शेवटी जिन्यावर पाच हॉबगॉब्लिन आणि त्यांचा नायक. विझर्डकडे दुसऱ्या पातळीचा एकच स्लॉट. मिस्टी स्टेप ह्या क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या मंत्राने तो स्वतः नावेवर पोचू शकत होता. त्याने दोन मिनिटं विचार केला आणि जिन्यावर वेब, म्हणजे जाळ्याचा मंत्र, टाकला. पाचही जण त्यात. लगेच त्याला बाण लागला, कॉन्सन्ट्रेशनसाठी १० हवे होते, पडले ११.

पुढचं तिने लिहावं, आत्ताच खातं उघडलंय.

तलवार_संपली

मीच ती फायटर.

नायक जाळ्याच्या अलीकडे होता, माझ्यासमोर. माझ्याकडे सहा हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच जीव उरलेला, आणि एक फासा. आधीची मी असते तर वार केला असता आणि आकडा सांगितला असता. काल मी मोजत बसले. प्रिसिजनसाठी ठेवू, म्हणजे वार हुकणार नाही? की रिपोस्ट, तो चुकला तर? मग दिसलं की रोग त्याच्या मागे पोचलाय. वार लागला, मी फासा ट्रिपवर लावला. दादाने नायकासाठी फासा टाकला, १३ हवे होते, पडले ८. तो आडवा झाला. रोगने त्याच पाळीला स्नीक अटॅक केला आणि तो उठलाच नाही.

माझ्या भावाने जाळं धरून ठेवलं नसतं तर मागचे पाच जण माझ्यावर आले असते, हे मला तेव्हाच कळत होतं. त्याला मी तसं सांगितलंही.

शेवंतीताई, तुमचे खूप आभार. दादा, रविवारी नावांपर्यंत पोचायचंय. माझे चारही फासे भरले का, तेवढं सांग.

चौथी_सोंगटी

नाही. अजून तासभर बसलेला नाहीत, आणि पूर्वेला फटफटतंय.